चार वाजताचा नंबर

ऐका ना बे, पांढुर्ण्याच्या आखाड्यात फोनवर नंबर लावायचं सुरू झालं, तेव्हाची गोष्ट आहे. सगळे म्हणत, आता वस्तादाले आराम होईन. अन् आराम कोणाले पाहिजे होता? शकुबाईले! पण तिले कोणी विचारलंच नाही.

शकुबाई म्हणजे शालिकराम वस्तादाची बायको. रस्त्याकडं आखाडा, मागं घर. आखाड्याच्या दाराले वरून एक मोठी कडी होती, पण ती लागलेली कोणी पाहिली नाही. सकाळी पोट्टे जोर-बैठका मारत. दुपारी कोणाचा हात उतरला, कोणाची पाठ चमकली, असे लोक मालीश करून घ्यायले येत. तिगावहून येत, सौंसरहून येत. वस्तादाचा नेम एकच, दारात आला त्याले परत पाठवायचं नाही. गुरूनं सांगितलं होतं म्हणे. गुरू गेले वर, नेम राहिला खाली, अन् त्या नेमाले चहा पाजायले शकुबाई!

अन् पोळ्यापासून शकुबाईचाच उजवा खांदा धरला होता ना. हात वर जायेच ना. वेणी घालायची तं डाव्या हातानं उजवा उचलून डोक्यापर्यंत न्यायचा, अन् तिथंच डोळ्यांत पाणी. वस्तादाले माहीत नव्हतं असं नाही. रोज म्हणत, "आज बसतोच तुह्या खांद्याले. एवढे लोक जाऊ दे." लोक काही जात नव्हते. संध्याकाळी वस्ताद ताटावर बसत अन् घास हातातच, डोळे मिटलेले. मग शकुबाई काय म्हणणार, उठा, माहा खांदा चोळा? दवाखान्यातही जाता येईना. वस्तादाचीच बायको दवाखान्यात गेली तं गाव काय म्हणन? पोळा गेला, दिवाळी गेली, संत्रं पिकून बाजारात आलं, खांदा तसाच.

त्यात विजयमाला आली. बाजूच्या मेडिकलवाल्याची पोरगी, नागपूरले योगासनं शिकून आली होती, अन् आखाड्यातच दुपारी बायांचा क्लास घ्यायची. बाया नटून-थटून सतरंज्या घेऊन येत, अन् पाहतात तं आत एखादा गडी लंगोटावर पालथा! तोंडाले पदर लावून सगळ्या माघारी. एक दिवस ती भडकलीच.

"वस्तादकाका, वेळ वाटून घेऊ. तीन ते चार बाया, बाकी वेळ मालीश. आमच्या दुकानात फोन आहे. ज्याले यायचं त्यानं फोन करायचा, नंबर लावायचा. मी इथल्या फळ्यावर लिहीन. गर्दीच नाही होणार!"

"फोनवर मले त्याची पाठ कशी दिसन?" वस्ताद म्हणाले.

"पाठ नाही हो काका, नुसता नंबर!"

शकुबाई दाराआडून ऐकून राहिली होती. तिनं हळूच विचारलं, "मग चारनंतर रिकामं राहीन काय वं, विजू?"

"राहीन म्हणजे काय काकू, वस्तादकाका माशा मारत बसतीन!"

लोकांनी फोन केले, नाही असं नाही. पण आपल्याकडची रीत माहीत आहे ना तुम्हाले? लग्नाची पत्रिका टपालानं आली तरी, अक्षता घेऊन माणूस दारात येत नाही तोवर आपण बलावणं धरतो काय? तसंच झालं. फोन करायचा, नंबर लागायचा, अन् मग आदल्या दिवशी गडी स्वतः हजर! "फोन केला होता, पण म्हटलं सांगून यावं." आता सांगायले आला तं चहा आलाच. अन् दारात आला तं वस्तादाचा नेम आला. "आलाच आहेस तं बस, पाहून देतो." दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर असायचाच, मग दुसऱ्या दिवशीही यायचा. म्हणजे एका पाठीचे दोन फेरे, दोन चहा! विजयमाला फळा पुसू पुसू पांढरी झाली, अन् शकुबाई चुलीपुढं काळी.

बोरगावच्या दादाजीनं तं कमाल केली. त्यायची कंबर धरली होती. सौंसरच्या पोस्टात जाऊन त्यायनं पांढुर्ण्याले ट्रंक कॉल बुक केला. बसले बसले, लाईनच लागेना. मग बसले एसटीत अन् संत्र्याची थैली घेऊन थेट इथं.

"वैनी, फोन लावून राहिलो होतो, पण म्हटलं सांगून यावं."

शकुबाईनं डाव्या हातानं थैली घेतली. तेवढ्यात बाजूचा फोन खणाणला अन् विजयमाला धावत आली. "सौंसरहून ट्रंक कॉल आहे! बोरगावचे दादाजी बोलून राहिले म्हणते!"

"मीच तं तो," दादाजी म्हणाले, अन् कंबर धरून गेले आपलाच फोन घ्यायले. "हॅलो! मी इथंच आहो! मले सांगा, मी आलो म्हणून!" तिकडून ऑपरेटर ओरडून राहिला, इकडून दादाजी, अन् दुकानातले गिऱ्हाईक हासून हासून लोळले. विजयमालानं तेवढ्यात त्यायचा उद्या पाचचा नंबरही लावून टाकला.

शकुबाई हासली नाही. ती साखरेचा डबा काढायले आत गेली होती. डबा वरच्या फळीवर. उजवा हात जायेना, डाव्यानं ओढला तं निसटला, अन् साखर सगळी जमिनीवर. बाहेर हासणं चालू. ती त्या साखरेपाशीच बसून राहिली. भरायचीही ताकद नव्हती.

मग उठली. डोक्यावर पदर घेतला अन् मेडिकलमध्ये गेली.

"विजू, मले नंबर लावायचा आहे."

"अवं काकू, तोंडानंच सांगा ना!"

"नाही. फोननं लागते ना? मग फोननंच."

अन् गेली ना बाप्पा रस्ता ओलांडून समोरच्या लाकडाच्या वखारीत! तिथंही फोन होता. रिसीव्हर डाव्या हातात, नजर समोर. इकडून विजयमालानं उचलला. मधात रस्ता, दोघी एकमेकीले दिसून राहिल्या.

"हॅलो. शकुबाई बोलून राहिली. खांदा धरला आहे. पोळ्यापासून. उद्या चारचा नंबर पाहिजे."

"लावला, काकू," विजयमाला म्हणाली.

परत येतानी शकुबाई घराच्या दारानं नाही गेली. रस्त्याकडच्या, आखाड्याच्या दारानं आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वस्ताद दादाजीच्या कंबरेवर वाकले होते. त्यायनं मान वर केली.

"फोन केला होता," ती म्हणाली, "पण म्हटलं सांगून यावं."

वस्तादाचे तेलाचे हात तिथंच थांबले. मग फळ्याकडं पाहिलं त्यायनं, विजयमाला येऊन शकुबाईचं नाव लिहून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शकुबाई सतरंजीवर बसली. वस्तादानं तेल कोमट केलं. अन् दारात कोण? दादाजी! कालच्या मालिशीनं कंबर मोकळी झाली, पण नंबर आजचा होता, म्हणून आले. तोही पाचचा.

वस्ताद सवयीनं उठले. "या, या..." अन् शकुबाईनंही सवयीनं पदर सावरला, उठून चहा ठेवायले. उठता उठता तिचा खांदा चमकला, तोंडातून "माय वं" निघालं.

वस्ताद दोघांच्या मधात उभे. खूप वेळ नाही, पण उभे.

"वस्ताद, तुमचा तं नेम आहे ना," दादाजी म्हणाले.

"आहे ना. ही बी दारातूनच आली. अन् तुमच्या आधी आली. बाहेर बसा, दादाजी. पाचले बलावतो."

दादाजी बाहेर गेले. वस्तादानं खांद्याले हात लावला अन् त्यायचा चेहराच उतरला. "सुकला वं हा. एका दिवसाचं काम नाही. रोज बसावं लागन."

"मग रोज फोन करू?"

"फोन नको," वस्ताद थकून म्हणाले. "दाराची कडी लाव."

शकुबाई उठली. उजवा हात कडीपर्यंत गेला नाही, अर्ध्यातच अडला. तिनं डाव्यानं लावली. गंजलेली होती, लय जोर लागला.

बाहेरून दादाजी म्हणाले, "मी बसलो आहो हं!"

"बसा," शकुबाई म्हणाली, अन् येऊन सतरंजीवर बसली.