माझ्या पोटातलं पिवळं बदक

“मॅडम, हा पूल कुणामुळं आजारी पडला?”

मित्रांनो, तनुजानं हा प्रश्न विचारला तेव्हा खाली निदान चाळीस माणसं उभी होती. आणि तो आजारी पूल म्हणजे मी! उस्मानपुऱ्याहून गारखेड्याकडं जाताना नाल्यावर लागतो तो, पाठीत बाक आलेला जुना पूल. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकलेत आणि गळ्यात पाटी, ‘धोकादायक. वाहतूक बंद.’ ती पाटी लागली त्या दिवशी वाटलं, खालच्या नाल्यातच तोंड लपवावं.

प्रश्न तसा तनुजाच्या मनातला नव्हताच. नववीतल्या या पोरीला नुकताच वक्तृत्वाचा कप मिळाला होता आणि तेव्हापासून तिचा आवाज रिक्षाच्या हॉर्नलाही हरवायचा. तिची मैत्रीण आमरीन म्हणाली, “कप काय नुसता फोटो काढायला आणला का? हिंमत असंल तर इंजिनिअर मॅडमला सगळ्यांसमोर विचार!”

“विचारते की! मी घाबरते व्हय?”

खरं सांगू? मीही एके काळी असाच तोऱ्यात होतो. चाळीस वर्षांपूर्वी मजुरांनी माझ्या सळया बांधल्या, घमेल्याघमेल्यानं काँक्रीट ओतलं. पिशोरहून अद्रकाच्या गोण्या आणणारे टेम्पो, वरातीतले बँडवाले, दवाखान्यात निघालेल्या रिक्षा, शाळेच्या सायकली, सगळ्यांना मी पाठीवर घेऊन पलीकडं सोडलं. “पूल लई दणकट हाय,” असं कुणी म्हटलं की मी फुगायचो. पुढं लोक काही म्हणेनासेच झाले. पूल आहेच की तिथं, जातोय कुठं, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

माझ्या पोटाखाली सुदर्शनची गाड्यांच्या सीट कव्हरची टपरी आहे. सुदर्शन म्हणजे तनुजाचे बाबा. तिची आई करुणा तिथंच मशीनवर रेक्झिन शिवते. शेजारी धोंडिबाची फुलांची हातगाडी. माझ्या अंगावरचं पावसाचं पाणी खाली सोडायला नळ्या आहेत आणि त्यातली एक नेमकी टपरीवर गळायची. स्पंज भिजायचा, गिऱ्हाईक ओरडायचं. सात वर्षांपूर्वी एका रविवारी सुदर्शननं वर येऊन त्या नळीत जुने कपडे कोंबले आणि वरून सिमेंट थापलं. इवलीशी तनुजा वाटीवाटीनं पाणी ओतत होती. टपरी कोरडी झाली. करुणानं त्या संध्याकाळी भजी तळली. त्यांची खुशी बघून मलाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आज लाज वाटते.

कारण मित्रांनो, ते पाणी गेलं कुठं? माझ्यातच! दर पावसाळ्यात साचलं, मुरलं, सळयांपर्यंत पोचलं. सळया गंजून फुगल्या. महिन्याभरापूर्वी माझ्या पोटाचा एक ढलपा सुटला आणि धोंडिबाच्या शेवंतीच्या टोपलीत येऊन पडला. वीतभर चुकला म्हणून त्याचं डोकं वाचलं. धावत जाऊन खबर दिली ती त्यानंच. त्याच्यामुळं मी बंद झालो आणि माणसं वाचली.

तर तनुजाच्या प्रश्नावर माझ्या पोटाशी बांधलेल्या परांचीवर उभ्या असलेल्या इंजिनिअर सगीरा मॅडम म्हणाल्या, “कुणामुळं ते नंतर बघू. पाणी तुंबल्यामुळं, एवढं नक्की. ही नळी बुजलीय.”

झालं! गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “फुलं! या धोंडिबाचीच फुलं!”

तनुजाही जोशात होती. तिनं सरळ बोट दाखवलं. “व्हय मॅडम! मामा रोज उरलेल्या माळा वर कठड्याशी ठेवतात!”

ठेवायचा खरा. येणाऱ्याजाणाऱ्या गाईंसाठी. आणि गाई एक पाकळीही मागं ठेवत नसत.

“अहो, ऐका तरी माझं,” धोंडिबा म्हणत राहिला. लोकांनी त्याची गाडी ढकलत पार चौकापर्यंत नेली. “परत इथं दिसू नको!”

गर्दी पांगली. मग मजुरानं छिन्नीनं नळी फोडली. आत एकही फूल नव्हतं. आधी सिमेंटचा गोळा निघाला, मग निळ्या चौकड्यांचं कापड. टेरिकॉटचं म्हणून तग धरून राहिलेलं. त्याच्या खिशावर पिवळ्या दोऱ्यानं भरलेलं बदक.

“कुण्या लेकराचं दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. “तू ओळखतेस का गं?”

तनुजाची मान खाली गेली. “नाय.”

कप जिंकणाऱ्या पोरीचा तो आवाज मलाही जेमतेम ऐकू आला. तिथं आम्ही दोघं शरमिंदे होतो. मी गळ्यात पाटी घेऊन, ती पाटीशिवाय.

मित्रांनो, मला रंग नको, कठड्यांना माळाही नकोत. पावसाळ्याआधी कुणीतरी माझ्या नळ्यांतून काठी फिरवून बघा, एवढंच मागणं आहे. आणि पाणी अडवाल तिथं जरा विचारा, ते आता कुणाच्या अंगात मुरणार?

संध्याकाळी टपरी आवरताना तनुजा म्हणाली, “आई, माझ्या दुसरीच्या गणवेशावर बदक का भरलं होतंस?”

मशीन थांबली. “शाईचा डाग होता तिथं. का गं?”

“ते सापडलं. नळीत.”

सुदर्शननं आजूबाजूला पाहिलं. “हळू बोल! कुणाला कळलं?”

“मॅडमनी विचारलं. मी नाय म्हणाले.”

“बरं केलंस. टपरी उचलून फेकतील ना बाई. मग खायचं काय?”

“मामाची गाडी फेकलीच की, बाबा! ते काय खातील? त्यांनी सगळ्यांना वाचवलं, आणि मी त्यांच्याकडंच बोट दाखवलं.”

करुणा दोरा तोडत हळूच म्हणाली, “कापड मीच काढून दिलं होतं.”

तनुजा उठून उभी राहिली. तिचा आवाज परत आला होता. हॉर्नला हरवणारा.

“उद्या शाळेच्या आधी मी मॅडमकडं जाणार. बदक माझं हाय म्हणून सांगणार. मग चौकात जाऊन सगळ्यांसमोर तेच सांगणार आणि मामाची गाडी ढकलत इथं परत आणणार. तुम्ही दोघं आलात तर गाडी हलकी जाईल. नाय आलात, तरी मी ढकलणारच.”