शंभर गुणांचा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, आणि पकड म्हणजे काय हे माझ्यावरून ठरत असे. निदान या प्रयोगशाळेत तरी. रस्ता मी जन्मात पाहिलेला नाही.

मला इथे 'प्रमाण टायर' म्हणत. नवा टायर आला की रस्त्यासारख्या ओल्या, खरखरीत, फिरत्या ड्रमवर आधी मला फिरवून करकचून ब्रेक लावायचे, मग त्याला. माझी पकड शंभर धरायची आणि त्याची माझ्याशी तुलना करायची. अभ्यास न करता कायम शंभर गुण मिळवणारा मी एकटाच.

ड्रम चालवणाऱ्या मिस्त्रीकाकांचा माझ्यावर फार जीव. संगणकावरच्या बाईंनी मात्र घर्षणाचे असे मॉडेल बांधले होते, की टायर न फिरवताच पकड कळावी. नव्या टायरवर त्याची अखेरची परीक्षा होती. आकडे जुळले नाहीत, तर बाईंचे काम बंद.

ड्रम म्हणाला, नवा टायर एकशे तीस. संगणक म्हणाला, एकशे दोन.

साहेब ड्रमवर खूश होऊन जाहिरातीच्या तयारीला गेले. बाई डोके धरून बसल्या.

"माझंच कुठेतरी चुकलं, काका."

"अहो, जिवाला एवढं लावून घेऊ नका. चहा घ्या आधी."

उठताना बाईंनी आधाराला माझ्यावर हात टेकला. तो सर्रकन घसरला. त्यांनी बोटांचा वास घेतला.

"काका, याला काय फासलंय?"

"पॉलिश. साहेब येणार होते ना! फारच कळकट दिसत होता बिचारा."

"पकड मोजायच्या टायरला पॉलिश?"

काकांचा चेहरा पडला. "लेकरासारखा सांभाळलाय हो त्याला."

"लेकराला तेल चोपडून घसरगुंडीवर सोडलंत की!" बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग काकाही हसले.

मी घसरत होतो, म्हणून नवा टायर थोर दिसत होता. दोघांनी मला साबणाने घासूनपुसून पुन्हा ड्रमवर चढवले. नवा टायर एकशे दोनच निघाला. बाईंचे काम वाचले. संगणक इतका बरोबर ठरला, की माझी गरजच उरली नाही.

मित्रांनो, माया जरूर करा. पण ज्याच्यावर करायची, त्याला काय सोसते ते आधी पाहा. मला चकाकी नको होती; उन्हाने रबर तडकते, म्हणून सावली तेवढी पुरली असती.

हल्ली वाऱ्याने आपटू नये म्हणून प्रयोगशाळेच्या दाराला मला टेकवून ठेवतात. काका येता-जाता कोरड्या फडक्याने पुसतात.

दार सरकत नाही.