बत्तीसची कळशी

मंगलआक्का वडगावहून सकाळच्या बसनं माहेरी आली ती झरा वाचवायला. खानापूरकडच्या डोंगराखाली, घरच्या काजूंच्या वर तो झरा होता. धाकटा भाऊ भावकू तिथं उसासाठी विहीर खणणार होता. जेसीबी बांधावर येऊन उभाही होता.

"करंगळीएवढी धार, आक्का. तिचं काय लोणचं घालायचं?"

"आप्पा असते तर तुझंच घातलं असतं."

वडिलांनी, आप्पांनी, झऱ्याला कधी पहार लावू दिली नव्हती. दर चैत्रात घरची सगळी हातानं पाचोळा काढत. मग आप्पा धारेखाली कळशी धरत आणि परकरातली मंगल मोठ्यानं आकडे मोजी. बत्तीसला कळशी भरे. भर पावसात मोजलं तरी तीस. त्याखाली कधी नाही. "पाऊस वरनं पळतोय, ह्यो आतनं चालतोय," आप्पा म्हणत.

लग्नानंतर मंगल शहरातल्या वडगावात मागावर साड्या विणायला बसली. माहेरचा ओहोळ मार्कंडेय नदीला मिळतो आणि नदीचं पाणी शहराच्या नळाला येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात नळ आला की ती शेजारणींना सांगायची, "आमच्याकडचं आलं बघा." शेजारणी हसायच्या.

"आधी मोज, मग खण," ती आता म्हणाली.

भावकूनं कळशी धरली. आकडा बत्तीसच आला. मंगलचे डोळे भरले.

भावकू मात्र खुलला. "म्हंजे आत लई पाणी हाय! खणलं तर दुप्पट ईल."

त्यानं ड्रायव्हरला हात केला. पहिल्याच घासाला काळी चिकट माती वर आली. धार गढूळली, बारीक झाली आणि बाजूच्या फटीत उतरू लागली.

"थांब, थांब रं!" ओरडत भावकूच आधी खड्ड्यात उतरला. मागोमाग पदर खोचून मंगल. दोघांनी तीच माती मळून, दाबून फट लिंपली. दुपार कलली तेव्हा पाणी जुन्या वाटेनं ठिबकू लागलं. जेसीबी परत गेला. मंगलनं सुनेला, दिपालीला, फोन केला, "चार दिस येत न्हाय. माग तू बघ."

पहिल्या दिवशी एकसष्ट. दुसऱ्या दिवशी पन्नास. तिसऱ्या सकाळी भावकू कळशी धरून आकडे मुद्दाम लांबवत मोजत होता, "एकोणचाळीस... चाळीस..."

"नीट मोज रं," मंगल म्हणाली. "झऱ्याशी लबाडी करतोस व्हय?"

त्यानं पाणी ओतून टाकलं आणि कळशी पुन्हा धारेखाली धरली.