सात नंबरची फळी

बसमध्ये खंडू नाही, हे तळेगाव मागे पडल्यावर ज्योतीरामच्या ध्यानात आलं आणि तिथूनच त्याचं मन सहलीवरून उडालं.

चोवीस वर्षांत चाकणच्या या कंपनीने दसऱ्याच्या मिठाईपलीकडे काही दिलं नव्हतं. आज मात्र भाजे लेणी, लोहगड आणि पवना धरणावर जेवण, तेही भरपगारी. सुट्टी गुरुवारची असताना मंगळवारी मशिनं बंद ठेवून कोण माणसं फिरायला नेतं? बाकीचे अंताक्षरीत दंग होते. ज्योतीराम मात्र दुधाने तोंड पोळलेला. भोसरीतली त्याची पहिली कंपनी अशीच दिवाळीच्या सुट्टीत गुपचूप हलली होती. तो कामावर गेला तेव्हा शेडमध्ये नुसती कबुतरं होती. इथेही कंपनी हलणार अशी दोन महिने कुजबुज चाललीच होती. आणि खंडू होता मेंटेनन्सचा फिटर. मशीन जागचं उचलायचं तर त्याच्याशिवाय पान हलत नसे.

ज्योतीराम ग्राइंडिंगच्या सात नंबर मशीनवर होता. सकाळी मशीन दहा मिनिटं रिकामं फिरवल्याशिवाय तो कामाला हात लावत नसे. उभं राहून पाय भरून येतात म्हणून त्याने पायाखाली फळी घेतली होती. चऱ्होलीची जमीन बिल्डरला गेली त्या वर्षी वडिलांची बैलगाडी मोडली, तिचीच ती फळी.

भाज्याला त्याने लेण्यातल्या खांबावर तळवा टेकवला. मशीन गरम झालं की नाही हे तो असंच बघायचा. खांब गारढोण होता. एवढी सफाई कुणी हाताने आणली असेल, असं त्याच्या मनात आलं, पण मन तिथेही ठरेना. त्याने खंडूला फोन लावला. उचलला नाही. लोहगडाच्या पायऱ्यांवर दोनदा लावला, तरी नाही. महादरवाज्यात इतर जण फोटो काढत होते तेव्हा चौथ्यांदा लावला आणि खंडूने उचलला. मागे क्रेनचा भोंगा वाजत होता.

"गडावर हाईस न्हवं? मग गड बघ की."

"सात नंबर?"

"ट्रेलरवर चढवलंय," खंडू म्हणाला. "सांगितलं असतं तर माझंबी काम गेलं असतं, भावा."

सहल नेणारी सुखदा, कंपनीच्या ऑफिसातली पोर, शिट्टी गळ्यात अडकवून सगळ्यांना मोजत होती. ज्योतीराम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने नुसतं विचारलं, उद्या यायचं का? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला काल संध्याकाळीच कळलं होतं. काढायच्या माणसांच्या यादीत तिचंही नाव होतं. ज्योतीरामला तिचा राग येईना, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

धरणावर त्याने बाकीच्यांची जेवणं होऊ दिली, मग सगळं सांगितलं. परतीच्या बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही.

चाकणला पोचल्यावर बाकीचे फाटकाबाहेरच घोळका करून बोलत राहिले. ज्योतीराम डब्याची पिशवी न्यायचं निमित्त सांगून आत गेला. सातच्या जागी जमिनीतून चार बोल्ट वर आले होते आणि मधे तेल सांडलं होतं. फळी खंडूने भिंतीला उभी करून ठेवली होती. ज्योतीरामने कोपऱ्यातला चिंध्यांचा बोळा घेतला आणि तेल पुसून काढलं, कुणाचा पाय घसरू नये म्हणून. मग फळी काखेत मारली.

फाटकावर वॉचमनने त्याला अडवलं. माणूस ओळखीचा होता, बिचाऱ्याची मान खाली होती.

"काका, सामान बाहेर न्यायचं तर गेटपास लागतो. रजिस्टरमधी लिहावं लागंल."

सकाळपासून मशिनामागून मशीन याच फाटकातून बाहेर गेलं होतं. ज्योतीरामने फळी खाली ठेवली, चपला काढल्या आणि तिच्यावर उभा राहिला. चोवीस वर्षांत लाकडाला दोन खळगे पडले होते, त्यांत पावलं नेमकी बसली.

"लिही," तो म्हणाला. "फळी एक. घरून आणलेली."