बिनमालकांची ताई

माझ्या भावाला आता लोक रॅपर म्हणतात. लहानपणी तो बरीच वर्षं बोललाच नाही, म्हणून अख्ख्या बिल्डिंगने त्याचं नाव मुका पाडलं होतं. तेच नाव आज पोस्टरवर असतं आणि कॉलेजची पोरं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. त्याला बोलायला मी शिकवलं. तेव्हा घरच्यांनी माझं कौतुक केलं होतं. आता वाटतं, कशाला मेहनत घेतली.

ग्रुप कसा बनला, हे त्यांना सगळीकडे विचारतात आणि उत्तर कायम वकील देतो. वकील म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याचा मुलगा. शिक्षण अर्धवट, पण लहानपणी गोट्या हरला तरी वाद घालून परत मिळवायचा, म्हणून वकील. तो कॅमेऱ्यात बघून सांगतो, "आम्ही तिघं एकाच जिन्यावर वाढलो. आमच्याकडे काहीच नव्हतं. फक्त खरं बोलायची हिंमत होती." मग शेजारी बसलेला ढोल्या तोंडाने ठोका वाजवून दाखवतो आणि मुलाखत घेणारी मुलगी मान डोलावते.

जिन्याचं म्हणाल तर खरं आहे. ढोल्या रंगाचे रिकामे डबे उपडे घालून बडवायचा. वकील येणाऱ्या-जाणाऱ्याची यमकात टिंगल करायचा. आमचा मुका खालच्या पायरीवर बसून ऐकत राहायचा. शेजाऱ्यांचं डोकं उठलं तेव्हा बाबांनी तिघांना पंपाच्या खोलीत हाकललं. बिल्डिंगचं पाणी सोडायचं काम बाबांकडे होतं, त्यामुळे खोली त्यांच्याच ताब्यात. तिथे त्यांनी फोनवर पहिलं गाणं रेकॉर्ड केलं आणि मला ऐकवायला आणलं.

"कसं वाटतंय ताई?"

"विहिरीत तीन गाढवं पडल्यासारखं," मी म्हटलं.

चूक त्यांची नव्हती, भिंतींची होती. नुसतं सिमेंट, त्यात आवाज नाचत होता. मी तेव्हा मिक्सरच्या कारखान्यात पॅकिंगला होते. खोक्यात मिक्सर बसवायचा, भांडी बसवायची, मधे फोम घालायचा, चिकटपट्टी मारायची, पुढचं खोकं. फोमचे तुकडे आधीच कापून यायचे, प्रत्येकात भांड्याच्या आकाराचा खड्डा. तुटका निघाला की मागच्या अंगणात भंगारात जायचा. तिथून सगळ्याच बाया न्यायच्या. कुणी पोराच्या अंथरुणाखाली घालायला, कुणी शिलाई मशीन हलू नये म्हणून. मीही रोज पिशवीतून थोडे थोडे आणले. एका रविवारी दुपारी आम्ही चौघांनी ते भिंतींना चिकटवले. ढोल्याने केसांना गोंद लावून घेतला, वकिलाने फक्त सूचना दिल्या. संध्याकाळी चारही भिंती मिक्सरच्या भांड्यांच्या खड्ड्यांनी भरल्या होत्या. मुक्याने मधे उभं राहून एक ओळ म्हटली आणि ती कानाशी कुणी बोलावं तशी आली. मला विचाराल तर ग्रुप त्या दिवशी बनला. पण मला कोण विचारतंय.

नाव वकिलाने ठेवलं, बिनमालक. कुठल्या कंपनीचं खायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. आणि एक नियम, खोटं गायचं नाही. जे बघितलं तेच गायचं. नियम छान होता, पण या तिघांनी बघितलं काय होतं? वकिलाचं पहिलं गाणं पोलिसांच्या जुलमावर होतं.

"पोलीस बघितलास का रे कधी?" मी विचारलं.

"बघितलाय की."

"कुठे?"

"लांबून."

तेव्हापासून मुका रात्रीच्या जेवणाला माझ्यासमोर बसायला लागला. मी कामावरून आले की बडबड करायचीच, सवयच होती ती. कोण कुणाशी भांडलं, कुणाचं बोट पट्टीच्या पात्यात आलं. एकदा संडासाच्या किल्लीचं सांगितलं. कारखान्यात आमच्या मजल्यावर बायांचा एकच संडास, त्याला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या पट्ट्याला. जायचं असेल तर त्याच्या टेबलाशी जाऊन मागायची आणि तो सगळ्यांसमोर विचारणार, "किती वेळ लागेल?" मी उठून त्याची नक्कल केली, पोट पुढे काढून, पट्टा वर ओढत. आई हसून हसून म्हणाली, "अगं जेवताना कसल्या गोष्टी करतेस." मुका हसला नाही. त्याने हातातला घास तसाच ताटात ठेवला.

आठवडाभराने त्याने ते गाणं मला ऐकवलं.

*कमरेला किल्ली, तोंडात शिट्टी,*
*विचारतो मोठ्याने, किती वेळ सुट्टी?*
*पोटातलं पाणी घड्याळ बघत नाही,*
*घरी तुझ्या बायकोला कुणी विचारत नाही?*

शेवटची ओळ माझी होती. जेवताना मीच म्हटली होती, तशीच्या तशी. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग भीती वाटली.

"ते पट्ट्याचं काढ," मी म्हटलं. "आणि किती वेळ लागेल, तेही. लगेच ओळखतील."

"ताई, तेच तर खरं आहे."

"मग जरा कमी खरं गा."

"बघतो," म्हणाला. आमच्या घरात 'बघतो'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

व्हिडिओ आला. त्यात पट्टा होता, किल्ली होती, प्रश्नही होता. आणि मुक्याच्या मागे, भर उजेडात, आमची फोमची भिंत.

गाणं असं पसरलं की दुपारच्या सुट्टीत आमच्याच टेबलावर फोन फिरायला लागला. माझ्या शेजारी पट्टी मारणाऱ्या मावशी कानात म्हणाल्या, "अगं, हे आपलंच की. कुणी सांगितलं असेल गं?" मी पाणी प्यायले. गाणारा माझा भाऊ, हे सुपरवायझरला कळायला वेळ लागला नाही. त्याने मला शुक्रवारी बोलावलं. हा माणूस कधी ओरडायचा नाही, त्याला गरजच पडत नसे. त्याने फोन टेबलावर ठेवला, व्हिडिओ थांबवला आणि माझ्या भावाच्या डोक्यामागच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"हा फोम कुठला?"

"भंगारातला."

"भंगार कुणाचं?"

त्याने फोन उचलून खिशात घातला.

"गाणं सोमवारपर्यंत खाली उतरलं तर ते भंगार. नाही उतरलं तर चोरी. तुझं तू ठरव."

रविवारी मी पंपाच्या खोलीत गेले. तिघंही होते. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालत होतं, हे तिघांनाही माहीत होतं. वकिलाने बराच वेळ जमिनीकडे बघितलं. मला वाटलं, चला, कधी नव्हे तो विचार करतोय.

"ताई," तो म्हणाला, "मागच्या महिन्यात तो पांढऱ्या बुटांचा म्युझिक कंपनीवाला आला होता ना? दोन शब्द बदला म्हणाला, बाकी सगळं आम्ही बघतो. आपण त्याला जिन्यावरून परत पाठवला. आणि आता एका सुपरवायझरसाठी खाली उतरवायचं?"

"सुपरवायझरसाठी नाही. माझ्यासाठी."

"आज तुझ्यासाठी उतरवलं तर उद्या कुणीही येऊन सांगेल."

"मी कुणीही आहे का रे?"

"तसं नाही ताई, तत्त्वाची गोष्ट आहे."

"तत्त्व तुमचं आणि नोकरी माझी. बरी वाटणी आहे."

ढोल्याचा चेहरा रडवेला झाला होता. "मी काय म्हणतो, भिंत धूसर करूया. फोम दिसणार नाही."

"त्याने बघितलाय रे तो. त्याचे डोळे धूसर करणार आहेस का?"

मग मी भावाकडे वळले. "तू बोल."

त्याने पायानेच जमिनीवरची वायर सरळ केली. "लोक ऐकतायत ताई. पहिल्यांदाच ऐकतायत."

"मला माहितेय ऐकतायत. माझंच ऐकतायत."

यावर वकिलाचे डोळे चमकले. तो खरंच मदत करतोय अशा सुरात म्हणाला, "आणि समज, काढलंच तुला, तर आपण दुसरा भाग काढू. तुझ्यावर. त्याची इज्जत चव्हाट्यावर आणू."

"म्हणजे माझी नोकरी गेलेलीच तुम्हाला सोयीची."

"शब्दात नको पकडू, ताई."

"मग तुम्ही काय करता दिवसभर?"

त्यांनी मत घेतलं. त्यांच्यात असंच ठरायचं, हात वर करून, कारण मालक कुणी नाही. गाणं ठेवायचं म्हणून वकिलाचा हात आधी वर गेला. ढोल्याने वकिलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात अर्धाच उचलला, म्हणजे उद्या दोन्हीकडे सांगता येईल असा. मुक्याने पूर्ण उचलला, माझ्याकडे न बघता. मला कुणी विचारलं नाही. मी ग्रुपमध्ये नव्हते.

सोमवारी मी सुपरवायझरला सांगितलं की गाणं उतरणार नाही. त्याने मान हलवली, जसं काही मी सुट्टी मागितली होती. संध्याकाळी सगळी लाइन बाहेर पडत असताना फाटकावर वॉचमनने माझी पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, कंगवा, जास्तीची ओढणी, अर्धी बिस्किटं. फोमचा तुकडा एकही नव्हता. तरी वॉचमनने मोठ्याने सांगितलं की चोरीबद्दल हिला उद्यापासून आत सोडायचं नाही. ज्या बायांच्या घरी त्याच भंगारावर पोरं झोपत होती, त्या माझ्या बाजूने निघून गेल्या. मावशी थांबल्या, पण चपलेचा पट्टा नीट करण्यापुरत्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्याही घरी पगाराची वाट बघत होतेच कुणीतरी.

पुढच्याच महिन्यात कारखान्याच्या फाटकावर बातमीवाले आले आणि मालकाने संडासाचं कुलूप काढायला लावलं. वकिलाचा फोन आला. आवाजात नुसता जल्लोष.

"ताई, कुलूप निघालं. गाण्याने काढलं. आता कुणीही कधीही जा."

"छान झालं," मी म्हटलं. "मला तिथे जायला आता फक्त नोकरी हवी."

तो हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

कुलूप निघालं याचा मला आनंद झाला. गाणं खोटं होतं असं मी मेले तरी म्हणणार नाही. ते खरं होतं, म्हणून तर कुणी त्याच्यावर बोट ठेवू शकलं नाही. बोट माझ्यावर ठेवलं. आसपासच्या कुठल्याच पॅकिंगवाल्याने मला घेतलं नाही, चोर म्हटल्यावर कोण घेईल. आता मी एका हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या ठिकाणी आहे. वाफेत उभं राहायचं, ओल्या चादरी ओढायच्या, घडी घालायच्या. संध्याकाळी मनगटं वर उचलत नाहीत.

दुसरा भागही निघाला. त्याचं नावच 'ताई' आहे. त्यात मी फाटकावर मूठ आवळून उभी राहते, सुपरवायझरच्या तोंडावर बोलते आणि मागे सगळ्या बाया टाळ्या वाजवतात. लोकांना पहिल्यापेक्षा हे जास्त आवडलं. ते ऐकून दोन पोरी मला भेटायला आल्या होत्या. मी त्यांना चहा दिला. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

त्याच रात्री मुका जेवायला समोर येऊन बसला. हल्ली तो घरी क्वचित जेवतो. आईने ताट वाढलं. मी म्हटलं, "मी मूठ आवळली नव्हती."

"काय?"

"फाटकावर. तुमच्या गाण्यात आहे. तुमचाच नियम होता ना, खोटं गायचं नाही."

तो कान खाजवायला लागला. "ताई, आम्हाला आतलं काही माहीतच नव्हतं. तू सांगितलंच नाहीस. हल्ली तू काहीच सांगत नाहीस." मग आवाज उतरवून, लहानपणी पायरीवर बसून विचारायचा तसा, "खरं काय झालं होतं?"

फोन त्याने ताटाशेजारी ठेवला होता. बोलता बोलता त्याचा अंगठा त्याच्यावर गेला आणि पडदा उजळला.

माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं. टेबलावरची अर्धी बिस्किटं, मुंग्यांसारखे त्यांचे कण, मी ते बोटाने गोळा करून परत पिशवीत टाकत होते ते. मावशींची चप्पल. वॉचमनने हळूच म्हटलेलं, "जा आता, बाई."

"काही झालं नव्हतं," मी म्हटलं आणि भाजी वाढून घेतली.

"आणि तिकडे? नव्या कामावर कसं आहे?"

"छान आहे."

आई एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. पडदा आपोआप विझला. त्याने तो पुन्हा उजळला नाही, पण फोन खिशातही घातला नाही. मी जेवत राहिले.