शिवेबाहेर ओढलेलं मशीन

मी बोअर पाडणारं मशीन बोलतोय. मिरजगावच्या आडबाजूला, दोन गावांच्या शिवेवरच्या पडिकात मी उभा आहे. माझ्यावर कुणाचाच हक्क नाही आणि मी कुणालाच नको आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. तिथलं सरकार दरवर्षी गरीब देशांना मदत वाटतं. मला घडवलं ते वाळूच्या एका देशासाठी. तिथली जमीन मऊ, म्हणून माझे दातही मऊ जमिनीपुरतेच. त्या देशाचं नाव पोटावर रंगवून मला आवारात उभं केलं होतं. एके दिवशी रंगारी येऊन ते नाव खरवडू लागला. सोबत सरकारातले दोघे होते.

"का हो, काय चुकलं त्यांचं?" रंगाऱ्याने विचारलं.

"जगाच्या सभेत त्यांनी आपल्याविरुद्ध हात वर केला. आता हे हिंदुस्थानला. यंदा ते आपले ट्रॅक्टर घेणार आहेत."

"पण तिथली जमीन कशी आहे?"

"ते आमच्या खात्यात येत नाही," दुसरा म्हणाला, आणि दोघेही हसले.

माझ्याबरोबर एक अट पाठवली गेली. माझे दात मोडले तर नवे त्याच देशातून आणायचे.

बोटीत आणि गोदीत वर्ष-दीड वर्ष काढून मी नगर जिल्ह्यात पोहोचलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ ऐन भरात होता. मला कुठल्या गावाला द्यायचं, यावर इथल्या कचेरीतही पुष्कळ बोलणं झालं. शेवटी मी या शिवेलगतच्या वाडीला मिळालो, कारण वाडीचे सरपंच सूर्यभान यांचे व्याही त्या कचेरीतल्या बैठकीत होते. तहान साऱ्याच गावांना होती.

वाडीच्या बायांनी माझ्या चाकांना हळदकुंकू लावलं. मालनबाईने तर माहेरवाशिणीची भरावी तशी माझी ओटी भरली. मालनबाई विधवा. तिची एकुलती लेक साळूबाई सुप्याला दिलेली, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण वाडीला टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागत होते, म्हणून मालनबाईने मन घट्ट करून लेकीला सुप्यालाच राहायला सांगितलं होतं. तिथे सासरच्या आडाला थोडं पाणी होतं. मला पाहिलं आणि ती त्याच दिवशी लेकीला आणायला निघाली.

"मशीन आलंय आमच्या वाडीत," ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती. "आता कशाला परक्याच्या दारात बाळंतीन व्हायची माजी साळू?"

मला चालवणारा नबीलाल केडगावचा. हाताने हळुवार, मनाने मऊ. माती गेली, मुरूम गेला. मग काळा पाषाण लागला आणि माझे दात एकामागून एक बोथट झाले.

"मावशी, ह्याचे दात वाळूचे हाईत," नबीलाल मान खाली घालून म्हणाला. "हा दगड न्हाई फुटायचा."

"मंग दुसरे आन की बाबा."

"तिकडनंच यायचे. पर एकाहत्तरची लढाई झाल्यापासनं ते आपल्यावर नाराज हाईत. आपला वाटा कमी केला म्हनं. दात दुसऱ्याच देशाला धाडले."

तोवर टँकरही बंद झाला होता. मालनबाई कचेरीत टँकर वाटणाऱ्या साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"ज्या गावाला मशीन दिलं, त्याला टँकर नाही," साहेब म्हणाले. "दोन्ही एकाच गावाला दिलं तर बाकीच्यांना मी काय तोंड दाखवू?"

"पर साहेब, पानी कुटं हाय त्यात?"

"मशीन तर आहे ना वाडीत?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे टँकर थोडे होते आणि गावं फार होती.

साळूबाईचे दिवस भरले होते, तिला परत सुप्याला धाडता आलं नाही; ती वाडीतच बाळंत झाली. मुलगी झाली. विहिरीच्या तळाचा गाळ फडक्यातून गाळून मालनबाई तिला पाणी द्यायची. धुण्यापुसण्याला तेवढंही नसायचं. चौथ्या दिवशी साळूबाईला ताप भरला.

मालनबाई चावडीपुढे आली. "ह्ये मशीन वाडीतनं काढा," ती म्हणाली.

सूर्यभान उसळले. "मालन, ओटी भरनारी तूच की!"

"व्हय दादा. आता घालवनारी बी मीच."

बैल चारा छावणीत आणि तरणे गडी दुष्काळी कामावर गेलेले. मग बायांनी आणि म्हाताऱ्यांनी मोटेचे नाडे माझ्या दांड्याला बांधले. नबीलालने माझ्या चाकांखालचे दगड काढले आणि तो पाठ फिरवून बसला. "मी काय बघितलंच न्हाई," तो म्हणाला.

"देवाचा रथ बी एवढा जड नसतोय गं," म्हातारी बनुबाई धापा टाकत म्हणाली. "ह्याच्यात आख्खं सरकार बसलंय!"

बाया हसल्या. मालनबाई हसली नाही. ती सगळ्यात पुढे होती, आणि नाडा तिच्या तळहातात रुतला होता. मला स्वतःहून चालता आलं असतं, तर मीच पळत सुटलो असतो. त्यांनी मला शिवेपार सोडलं आणि साहेबांना निरोप धाडला की वाडीत मशीन नाही.

टँकर आला, पण साळूबाई त्याच सकाळी गेली होती. त्या पाण्याचा पहिला हंडा तिच्या शेवटच्या अंघोळीला लागला.

पुढे एकदा माझ्या देशातले एक पाहुणे जीपमधून मला बघायला आले. सोबत दुभाषी होता. मालनबाई नातीला कडेवर घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली होती. पाहुण्यांनी तिला थांबवून विचारलं, या मशीनचा उपयोग झाला का?

मालनबाईने माझ्याकडे बोट केलं. "ह्ये गेलं, तवा पानी आलं," ती म्हणाली.

दुभाषी पाहुण्यांकडे वळला. मग त्याने पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, "पाणी आलं म्हणतेय."

पाहुण्यांना फार आनंद झाला. अशी आणखी मशीनं देऊ, असं सांगून ते गेले.

ती मशीनं आता तिकडे घडत असतील. लोकहो, मी इथे गंजून जाईन, त्याचं मला काही नाही. पण ती बोटीत चढवण्याआधी कुणीतरी मालनबाईला पुन्हा एकदा विचारा. आणि ती जेवढं बोलेल, तेवढं सगळं ऐका.