थॉर्नबेकच्या फाटकाची साक्ष

करकर ऐकलीत ना? ती माझीच. थॉर्नबेक गावाबाहेरच्या कुरणाचं फाटक बोलतोय मी. कोणी तेल घालायला धावू नका. कुरकुरल्याशिवाय मला बोलता येत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी वॉल्टर थ्वेट नावाच्या शेतकऱ्याने ओकच्या फळ्यांतून मला घडवलं. मापात चुकला गडी, म्हणून मी अजूनही खालून जमिनीला घासतो. "मेंढ्या आत राहिल्या म्हणजे झालं," एवढंच तो म्हणाला आणि लाथेने मला लावून घेतलं. वॉल्टर मुळातच अबोल, त्यात कानाने अधू. त्याच्याशी बोलणं आणि दगडी कुंपणाशी बोलणं सारखंच.

माझ्यातून एक पाऊलवाट जाते. या वाटेने मी काय काय माणसं पाहिली! छत्री उलटी झाली तरी "आज तसं बरंय, नाही?" म्हणणारी. समोरासमोर दोघं आले की "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" सुरू. एकदा पोस्टमन आणि पाद्रीबाबा माझ्या दोन बाजूंना भर पावसात चार मिनिटं उभे होते. शेवटी पोस्टमनचा कुत्रा आधी गेला.

पण माझा जीव जडला तो ईनिड ऑकरॉइडबाईंवर. वय एक्याऐंशी, ताठ कणा, जांभळी टोपी. तीस वर्षं रोज दुपारी तीनच्या ठोक्याला त्या यायच्या, हातात आल्याच्या केकचा डबा. कुरणापलीकडच्या छोट्या घरात त्यांची धाकटी बहीण मेबल एकटी राहते. तिचे गुडघे गेलेत, तिला बाहेर पडवत नाही. दोघी चहा घेतात, शब्दकोड्यावरून कचाकचा भांडतात, आणि दुसऱ्या दिवशी परत भांडायला बसतात. कुरणातून दहा मिनिटांची वाट. डांबरी रस्त्याने तीन मैल, तेही भरधाव ट्रकांच्या कडेकडेने.

तीन वर्षांपूर्वी वॉल्टर गेला. कुरण काही काळ रिकामं पडून राहिलं, मग विकलं गेलं आणि जूलियन लँगरिज नावाचे शहरी गृहस्थ मालक झाले. तसे वाईट नव्हते हो. त्यांनी दोन अल्पाका आणले, मेंढीची लोकर आणि उंटाची मान असलेली जनावरं. कोणी फाटक उघडं टाकलं तर ती पळतील, या धास्तीने त्यांनी मला साखळी घातली आणि कुलूप ठोकलं.

त्या दिवशी तीन वाजता ईनिडबाई आल्या. त्यांनी कुलूप हलवून पाहिलं. डबा छातीशी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. मेबलने तीस वर्षांत पहिल्यांदा एकटीने चहा घेतला. मला फार वाईट वाटलं. माझाच उपयोग करून माझ्याच माणसाला अडवलं होतं.

गाव न्यायालयात गेलं. तिथला कायदा मला टेड सग्डेनकडून कळला. टेड म्हणजे चर्चमधली घंटा वाजवणारा, ईनिडबाईंचा शाळेपासूनचा सोबती. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे गेले, दांडगाई न करता, लपूनछपून न जाता आणि परवानगी न घेता, तर ती वाट सगळ्यांच्या हक्काची होते. परवानगी घेऊन गेलात, तर ती मालकाची मेहेरबानी. मालक बदलला की मेहेरबानी संपली.

सुनावणीच्या दिवशी टेड आणि ईनिडबाई न्यायालयातून थेट माझ्यापाशीच आले. टेड लालबुंद झाला होता.

"अगं, लँगरिजच्या वकिलाने विचारलं, कुरणातून जायची परवानगी मागायचात का? आणि तू सरळ हो म्हणालीस!"

"मग काय खोटं बोलू? शपथ घेतली होती मी."

"एखाद्या वेळी मागितली असशील, तर..."

"एखाद्या वेळी? रोज! वॉल्टर दिसला की म्हणायचे, 'जाऊ का रे इथून?' दुसऱ्याच्या कुरणात न विचारता शिरायला मी काय मेंढी आहे? आईने वळण लावलंय मला."

"आईच्या वळणाने घात केला बघ! तो वकील काय खुलला होता. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, ईनिड."

ईनिडबाई माझ्या खांबाला टेकल्या. टोपी जरा खाली सरकली होती, ती त्यांनी नीट केली नाही.

"टेड, आता मेबलला काय सांगू रे?"

टेडने त्यांची टोपी सरळ केली. सांगण्यासारखं माझ्याकडे होतं, पण मला कोण साक्षीला बोलावणार?

आणि गंमत बघा, न्यायालयच माझ्याकडे आलं. न्यायाधीश पेनरोजबाई जागा पाहायला आल्या. पायात रबरी बूट, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांनी आल्याआल्या बजावलं, "मी फक्त बघायला आलेय. कोणीही बाजू मांडायची नाही." लँगरिजांनी कुलूप काढलं. सगळ्यांच्या पुढे ईनिडबाई. त्यांनी माझ्या कडीवर हात ठेवला आणि सवयीने म्हणाल्या, "येऊ का?" ढकललं आणि आत. पुढे वाटेत एक अल्पाका रवंथ करत उभा. "जाऊ का रे बाळा?" म्हणत त्या त्याला वळसा घालून निघूनही गेल्या.

लँगरिजांचे वकील फॅनशॉ यांना राहवेना. "बघा, बाईसाहेब! आत्ताही विचारलं!"

"आज बोलायचं नाही असं ठरलंय, मिस्टर फॅनशॉ."

ते ओशाळून मागे सरले ते थेट माझ्यावर आदळले. "सॉरी! माफ करा हं!"

न्यायाधीशबाई थांबल्या. "कोणाला म्हणालात?"

फॅनशॉंनी वळून पाहिलं. मागे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. "फाटकाला, बाईसाहेब."

"मग केलं का त्याने माफ?"

"मी... मी उत्तरासाठी थांबलो नाही, बाईसाहेब."

"अस्सं," म्हणून त्यांनी एक पेपरमिंट तोंडात टाकली आणि वहीत काहीतरी लिहिलं. टेडने रुमालात तोंड खुपसलं.

तीन आठवड्यांनी टेड ईनिडबाईंना घेऊन वर्तमानपत्र फडकवत आला आणि माझ्याशेजारी उभा राहून त्याने निकाल मोठ्याने वाचला. "'परवानगी मागणे म्हणजे नकारही ऐकायची तयारी ठेवणे. श्रीमती ऑकरॉइड कधीच उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्या मालकाला विचारत, मालक वारल्यावर रिकाम्या कुरणाला विचारत, आणि आमच्यादेखत त्यांनी एका अल्पाकालाही विचारले. ही परवानगी नव्हे, सौजन्य आहे. सौजन्यापायी कोणाचा हक्क जाऊ नये. वाट खुली राहील.' ऐकलंस ना, ईनिड? खुली!"

ईनिडबाई रडल्या आणि हसल्याही. लँगरिज स्वतः साखळी काढायला आले. "सॉरी, मिसेस ऑकरॉइड," म्हणाले. "मी मागे फाटक नीट लावत जाईन," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर केकचा मोठा तुकडा ठेवला.

तीनचा ठोका पडला. बाईंनी माझ्या कडीवर हात ठेवला.

"ए, आता विचारू नकोस हं!" टेड ओरडला.

"गप रे. हक्क मिळाला म्हणून वळण सोडायचं का?" आणि माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "येऊ का?"

आता माझं वय झालंय. खालची फळी कुजतेय, बिजागऱ्या गंजल्यात. लँगरिज परवा तेलाची बाटली घेऊन हिंडत होते, म्हणून कळकळीने सांगतो, त्यांना आवरा. आणि एक गोष्ट कानात सांगतो, न्यायाधीशबाईंपर्यंत जाऊ देऊ नका, नाहीतर निकाल फिरायचा. ईनिडबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत हे खरं. पण त्यांनी विचारलं की गेली तीस वर्षं मी करकरत रोज एकच म्हणत आलोय, "या, बाई, या."